नोकरी सांभाळून पीएच.डी. : प्रारणपट्ट्यांतल्या कणांचा हिशोब

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझी पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा झाली आणि डिसेंबरात विद्यापीठाची अधिसूचना हातात आली. मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. प्रबंधाचा विषय होता ग्रहांभोवतीच्या प्रारणपट्ट्यांमध्ये अडकलेल्या विद्युतभारित कणांची गती संगणकावर कमी वेळात, पण विश्वासार्हपणे काढणं. सुरुवात केली तेव्हा अर्धवेळ संशोधकाची फाईल कशी पुढे सरकते आणि अशा विषयात घरच्या टेबलावर बसून किती मजल मारता येते, हे दोन्ही एका जागी सांगणारं मराठीत काही सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

विषय आधी सांगते. १९५८ मध्ये एक्स्प्लोरर १ आणि एक्स्प्लोरर ३ या उपग्रहांवरच्या गायगर गणित्रांनी पृथ्वीभोवती अतिवेगवान कणांचे पट्टे असल्याचं दाखवलं. जेम्स व्हॅन ॲलन यांचं नाव त्यांना मिळालं. आतल्या पट्ट्यात मुख्यतः जोरकस प्रोटॉन, बाहेरच्यात इलेक्ट्रॉन. हे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले असतात आणि एकाच वेळी तीन हालचाली करतात : बलरेषेभोवती गिरकी, बलरेषेवरून उत्तर-दक्षिण ये-जा, आणि पृथ्वीभोवती संथ प्रदक्षिणा. उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्सला हेच कण त्रास देतात, म्हणून त्यांचा हिशोब लागतो.

अडचण या तीन हालचालींच्या वेळांमध्ये आहे. एल = ४ च्या बलरेषेवरचा, म्हणजे विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून चार त्रिज्यांवर असलेला, १ एमईव्हीचा (म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा) इलेक्ट्रॉन घ्या. त्याची एक गिरकी सुमारे ०.२ मिलिसेकंदांत होते, उत्तर-दक्षिण ये-जा ०.३ सेकंदांत आणि प्रदक्षिणा साधारण १८ मिनिटांत. एका प्रदक्षिणेत पन्नास लाखांच्या आसपास गिरक्या. प्रत्येक गिरकी वीस पायऱ्यांत मोजली तर एका कणाच्या एका प्रदक्षिणेला दहा कोटी पायऱ्या लागतात. आणि पट्ट्याबद्दल काही बोलायचं तर असे लाखो कण अनेक दिवस चालवावे लागतात.

२०१८ मध्ये प्रवेश परीक्षा दिली. पहिला पेपर संशोधन पद्धतीचा आणि दुसरा विषयाचा होता. एम.एस्सी. होऊन बरीच वर्षं झाली असतील तर दुसऱ्याचीच भीती वाटते, पण रोज शिकवणाऱ्या माणसाला तो तितका जड जात नाही. पहिल्याची तयारी मात्र वेगळी करावी लागते. निकालानंतर खरी वाट पाहणं सुरू झालं, कारण मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे असं पत्र, संशोधन केंद्राची संमती, माझ्या कॉलेजचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि संशोधन आराखडा हे सगळं एकाच वेळी हवं असतं. ना-हरकत पत्रावर व्यवस्थापनाची सही लागते आणि व्यवस्थापनाची बैठक आपल्या सोयीने होत नाही. त्यासाठी अर्ज परीक्षेच्या निकालाआधीच देऊन ठेवा. निकाल लागला नाही तर पत्र पडून राहील, नुकसान काही नाही.

मान्यता समितीसमोर आराखडा मांडला तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘यात प्रयोगशाळा कुठे आहे?’ उत्तर तयार होतं : मोजमापं जगाकडे आहेत. व्हॅन ॲलन प्रोब्ज या जोड-यानांनी २०१२ ते २०१९ या काळात घेतलेली निरीक्षणं खुली आहेत, आणि माझं काम ती समजून घ्यायला लागणारं गणित स्वस्त करण्याचं आहे. ‘स्वस्त’ हा शब्द समितीला पटला असावा. जुलै २०१९ मध्ये नोंदणी झाली. मला यूजीसीचे २०१६ चे नियम लागू होते : किमान तीन वर्षं, कमाल सहा, स्त्री-संशोधकांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत, दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण, आणि प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध व दोन परिषदांमध्ये सादरीकरण. २०२२ च्या नियमांत यातलं काही बदललं आहे, त्यामुळे आपली नोंदणी कोणत्या नियमांखाली झाली ते पत्रावर स्पष्ट लिहून घ्या. पुढे दर टेबलावर तोच प्रश्न विचारला जातो.

कोर्सवर्क २०२० मध्ये घरूनच झालं. कॉलेजचे ऑनलाइन वर्ग, मुलीची शाळा आणि माझी व्याख्यानं एकाच वायफायवर. त्या दिवसांत मी जुनं साहित्य वाचून काढलं. नॉर्वेचे कार्ल स्टोर्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला द्विध्रुव (म्हणजे साध्या पट्टीचुंबकासारख्या) क्षेत्रातल्या कणांचे मार्ग आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने हाताने आकडेमोड करून काढले होते, तेही पट्टे सापडायच्या अर्धशतक आधी, ध्रुवीय प्रकाशाचं कोडं सोडवण्यासाठी. ते वाचताना माझ्या जुन्या लॅपटॉपबद्दलची सगळी कुरकुर थांबली.

प्रवास पुन्हा सुरू झाल्यावर न्यू पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या ग्रंथालयात गेले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडायची, पुढे रिक्षा. आधी ईमेल करून आणि कॉलेजचं पत्र घेऊन गेले होते. नवी मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : भूचुंबकत्वावरचं एवढं साहित्य इतक्या जवळ असणं हे आपलं भाग्य आहे. आपल्या किनाऱ्यावरची परंपराही मोठी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेने १८५९ चं महाचुंबकीय वादळ नोंदवलं होतं आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलवल्या गेल्या. हे सगळं प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात अर्ध्या पानात आलं, पण ते पान लिहिताना फार समाधान वाटलं.

आता कोड. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एक अट घातली होती : कोणतीही पद्धत निवडण्याआधी सगळ्या पद्धती एकाच कणावर चालवून पाहायच्या. आम्ही एल = २ वरचा १० एमईव्हीचा प्रोटॉन घेतला, विषुववृत्ताच्या प्रतलातच फिरणारा. गिरकी १७ मिलिसेकंदांची, गिरकीची त्रिज्या सुमारे ११८ किलोमीटर, प्रदक्षिणा सव्वादोन मिनिटांच्या आसपास. बी.एस्सी.त शिकवली जाणारी चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत गिरकीला वीस पायऱ्या देऊन चालवली. प्रदक्षिणा अर्धी व्हायच्या आतच प्रोटॉनची निम्मी ऊर्जा गायब! चुंबकीय बल कणावर कार्य करत नाही, म्हणजे ऊर्जा घटायला निसर्गात काहीच कारण नाही. ती पद्धतच खाते : प्रत्येक पायरीत अगदी थोडी, पण प्रत्येक वेळी त्याच दिशेने. पायऱ्या वाढवल्या की चूक झपाट्याने कमी होते, पण इलेक्ट्रॉनच्या पन्नास लाख गिरक्यांपुढे गिरकीला शंभर पायऱ्याही पुरत नाहीत.

मग बोरिस पद्धत. जे. पी. बोरिस यांनी ती १९७० मध्ये प्लाझ्माच्या संगणनासाठी मांडली. तिच्यात विद्युत क्षेत्राचा अर्धा धक्का, मग चुंबकीय क्षेत्राने वेगाचं शुद्ध परिभ्रमण, मग उरलेला अर्धा धक्का असा क्रम असतो. नुसतं चुंबकीय क्षेत्र असेल तर वेग फक्त वळतो, त्याचं मान बदलतच नाही. तोच प्रोटॉन, त्याच वीस पायऱ्या, आणि ऊर्जा शेवटच्या दशांशापर्यंत जागच्या जागी. तो आलेख मी छापून टेबलासमोर लावला. पद्धत कागदावर दुसऱ्या क्रमाची, म्हणजे रुंगे-कुट्टापेक्षा खालची, तरी दीर्घ पल्ल्यात तीच टिकते. गिरकीतला कोन ती थोडा चुकवते हे खरं, पण प्रदक्षिणेचा हिशोब करताना तो कोन आपल्याला नकोच असतो.

त्यावरूनच मॅडम एकदा म्हणाल्या, ‘अगं, कण कुठे आहे हे तुला हवंय, की तो गिरकीच्या कुठल्या बाजूला आहे हे?’ पुढची चार वर्षं मी या एका प्रश्नावर काम केलं.

कण कुठे आहे एवढंच हवं असेल तर गिरकी सोडून द्यायची आणि तिच्या केंद्राचीच गती मोजायची. हे गायडिंग सेंटरचं गणित हान्नेस आल्फवेन यांच्यापासून आलं आहे, आणि पट्ट्यांमधले कण इतका काळ का टिकतात हे नॉर्थ्रॉप आणि टेलर यांनी १९६० मध्ये त्याच्या आधारे दाखवलं. अट एकच : गिरकीचं चुंबकीय आघूर्ण, ज्याला आम्ही म्यू म्हणतो, ते स्थिर राहिलं पाहिजे. मग पायरी गिरकीच्या मापाची न घेता ये-जा करण्याच्या मापाची घेता येते. १ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला माझ्या कोडमध्ये यामुळे शेकडो पटींचा फायदा झाला. प्रोटॉनला तेवढा होत नाही, कारण त्याच्या एका ये-जा मध्ये साठेक गिरक्याच असतात आणि गायडिंग सेंटरची प्रत्येक पायरी महाग असते : तिला क्षेत्राबरोबर क्षेत्राचे उतारही लागतात. ‘गायडिंग सेंटर नेहमी वेगवान’ असं मोघम विधान कुठे वाचलं तर कोणत्या कणासाठी, हे आधी पाहा.

आणि अट मोडते तेव्हा? गिरकीची त्रिज्या बलरेषेच्या वक्रता त्रिज्येच्या मानाने मोठी झाली की म्यू स्थिर राहत नाही. १०० एमईव्हीच्या प्रोटॉनची त्रिज्या एल = २ वर सुमारे ३८० किलोमीटर असते आणि बलरेषेची वक्रता त्रिज्या ४,२५० किलोमीटर. गुणोत्तर ०.०९, चालून जातं. एल = ३ वर तीच त्रिज्या जवळपास १,३०० किलोमीटर होते, वक्रता त्रिज्या ६,३७० किलोमीटर, गुणोत्तर ०.२. इथे केंद्राचं गणित आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतं. एकही सूचना येत नाही, आलेख गुळगुळीत दिसतो. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

म्हणून माझ्या कोडमध्ये दोन्ही गणितं आहेत. गुणोत्तर लहान असेल तिथे केंद्र, मोठं झालं की बोरिस, पुन्हा लहान झालं की केंद्र. कल्पना नवी नाही. अवघड आहे तो बदलाचा क्षण. केंद्राच्या गणितातून बाहेर येताना कण गिरकीच्या कुठल्या बाजूला आहे हे माहीत नसतं, तो कोन यादृच्छिक निवडावा लागतो. परत येताना म्यू नव्याने काढावा लागतो आणि त्यात प्रत्येक वेळी किंचित उडी येते. एखादा कण सीमेवरच घुटमळत असेल तर त्याचा म्यू हजारो वेळा असा उडतो, आणि शेवटी कण वातावरणात उतरल्याचं दिसतं. निसर्गात लहरींमुळे होणारं विखुरण अगदी असंच दिसतं. कोडने तयार केलेलं खोटं विखुरण खऱ्यासारखं दिसणं, याच्याइतकी गंभीर गोष्ट नाही. उपाय म्हणून जाण्याची आणि येण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवली, आणि म्यू परत काढताना एका क्षणाचा न घेता पूर्ण गिरकीची सरासरी घेतली. प्रबंधातलं सगळ्यात लांब प्रकरण याचंच आहे.

क्षेत्राचा खर्चही सांगायला हवा, कारण कोडचा कोणता भाग किती वेळ खातो हे मोजून पाहिलं तर निम्म्याहून जास्त वेळ तिथेच जात होता. पृथ्वीच्या अंतर्गत क्षेत्रासाठी आयजीआरएफ हे आंतरराष्ट्रीय संदर्भ-प्रारूप वापरतात. तेराव्या घातापर्यंत गेलं तर १९५ सहगुणक, आणि प्रत्येक कणाला प्रत्येक पायरीत ती सगळी बेरीज. सोपा मार्ग म्हणजे क्षेत्र आधीच जाळीवर काढून ठेवायचं आणि मधल्या किमती अंदाजायच्या. पण साध्या रेषीय अंतर्वेशनाने क्षेत्राचं अपसरण शून्य राहत नाही, म्हणजे कागदोपत्री चुंबकीय एकध्रुव तयार होतात आणि म्यू पुन्हा घसरू लागतो. त्यासाठी सदिश विभवाचं (ज्या राशीपासून चुंबकीय क्षेत्र काढता येतं तिचं) अंतर्वेशन करून त्याचा कर्ल घेतला, कारण कर्लचं अपसरण आपोआप शून्य असतं. मेमरी जास्त लागली, वेळ बराच वाचला.

यंत्राबद्दल. संशोधन केंद्रातला सर्व्हर सगळ्यांचा होता आणि रांग मोठी. एका शासकीय संस्थेच्या महासंगणकावर वेळ मागितला, पण अर्ज कित्येक महिने ‘विचाराधीन’ राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली ग्राफिक्स कार्डं बाजारात स्वस्त झाली, तेव्हा १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० वीस हजारांत घेतलं. वर पॉवर सप्लायचे साडेपाच हजार. घ्यायच्या आधी दुकानातच अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहा. आमच्या विषयाला हे यंत्र सोयीचं आहे, कारण कण एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येक कण कार्डावर समांतर चालणाऱ्या गणनांपैकी एकीवर, म्हणजे एका धाग्यावर, सोडून देता येतो. पण घरगुती कार्डावर दुहेरी अचूकतेच्या (जास्त अंक सांभाळणाऱ्या) आकडेमोडीची गती एकेरीच्या चौसष्टाव्या भागाएवढीच असते. सगळं एकेरीत केलं तर पृथ्वीच्या त्रिज्येच्या मापात अर्ध्या मीटरच्या आसपासचं पूर्णांकन दर पायरीला साचतं. म्हणून स्थानाची बेरीज दुहेरीत आणि क्षेत्र एकेरीत ठेवलं. काही कण वातावरणात संपतात आणि त्यांचे धागे रिकामे बसतात, तेव्हा अधूनमधून जिवंत कण एकत्र गोळा करायचे. एप्रिल-मेच्या उकाड्यात खोलीत बसवत नसे, रन रात्री अकराला लावून सकाळी कॉलेजला जाण्याआधी पाहायचे.

सहामाही सादरीकरणांबद्दल एक सूचना : प्रत्येक वेळी मागच्या बैठकीचा इतिवृत्तांत छापून न्या, त्यातल्या प्रत्येक सूचनेपुढे आपण काय केलं ते एका ओळीत लिहा आणि त्यावर अध्यक्षांची सही घ्या. शेवटी प्रबंध दाखल करताना हे सगळे कागद एका वेळी मागतात.

शोधनिबंधाने सर्वांत जास्त धीर संपवला. पाठवल्यापासून स्वीकारेपर्यंत सव्वा वर्ष गेलं. पहिल्या नियतकालिकाने दोन ओळींत परत पाठवला तो दिवस वाईट गेला, तलावपाळीला एकटीच चक्कर मारत राहिले. दुसऱ्या ठिकाणच्या परीक्षकाने खोट्या विखुरणाबद्दल कठोर पण अचूक प्रश्न विचारले. पूर्ण गिरकीच्या सरासरीची कल्पना त्या उत्तरांतूनच आली. त्या अनोळखी माणसाची मी ऋणी आहे. प्रकाशन-शुल्क न घेणारं नियतकालिक निवडलं होतं, तेव्हा खर्च शून्य.

२०२४ मध्ये सारांश तयार करत होते, आणि १० मेच्या रात्री मोठं भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमधल्या हानले इथून आकाशात लाल प्रकाश दिसला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये, नेमका मी प्रबंध दाखल केला त्या महिन्यात, या वादळानंतर दोन तात्पुरते नवे पट्टे तयार झाल्याचं एका लहान उपग्रहाच्या निरीक्षणांवरून प्रसिद्ध झालं. त्यांपैकी एकात प्रोटॉनही होते. मौखिक परीक्षेत यावर विचारतील हे तेव्हाच ओळखलं.

दाखल करण्याचे टप्पे असे गेले : पूर्व-सादरीकरण, सारांश, मग साहित्यचौर्य तपासणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझ्याच शोधनिबंधातली वाक्यं मोजली जात होती, त्यासाठी ग्रंथपालांना तो निबंध वगळण्याचं पत्र मार्गदर्शकांच्या सहीने द्यावं लागलं. छपाई आणि बांधणी सगळ्या प्रतींची मिळून सात हजारांच्या घरात गेली. मुखपृष्ठाचा रंग आणि कण्यावरच्या मजकुराचा नमुना विभागाकडून लेखी घ्या, बांधणीवाल्यांकडचा नमुना जुना असू शकतो. वार्षिक शुल्कं, दंड नसलेला दाखला, ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र हे सगळं आदल्या महिन्यातच करून ठेवलं होतं.

मग नऊ महिने शांतता. नियमात सहा महिने लिहिले आहेत, पण बाहेरच्या एका परीक्षकाचा अहवाल यायला वेळ लागला. या काळात दर महिन्याला एक नम्र ईमेल करत राहिले आणि त्याची प्रत मार्गदर्शकांना पाठवली. फोनवर मिळालेल्या उत्तरांचा पुढे उपयोग होत नाही, ईमेलचा होतो.

खुल्या परीक्षेला सभागृहात विद्यार्थी, सहकारी आणि आईही होती. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘मॅडम, हेच कोड गुरूवर चालवलंत तर पहिलं काय मोडेल?’ गुरूचं विषुववृत्तीय क्षेत्र ४ गॉसहून जास्त, म्हणजे पृथ्वीच्या दहापटींहून अधिक, त्यामुळे गिरक्या आणखी जलद आणि केंद्राच्या गणिताचा फायदा मोठा. पण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या प्लाझ्मामुळे येणारं, म्हणजे सहपरिभ्रमणाचं, विद्युत क्षेत्र सोडून चालत नाही. शिवाय आयोसारखे उपग्रह वाटेतले कण शोषून घेतात, तेव्हा कणाचा नाश फक्त वातावरणात होतो असं धरता येत नाही. हे सगळं शेवटच्या प्रकरणात गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या मोजमापांवरचं जेआरएम०९ हे चुंबकीय क्षेत्राचं प्रारूप घालून दाखवलं होतं. मे २०२४ च्या पट्ट्यांवरही प्रश्न आलाच. मी सांगितलं की प्रोटॉनचा तो भाग माझ्या सीमारेषेच्या नेमका जवळ पडू शकतो, आणि ऊर्जेप्रमाणे दोन्ही गणितं ताडून पाहिल्याशिवाय मी निष्कर्ष देणार नाही. त्यावर ते नुसतं ‘बरोबर’ म्हणाले. इतकी वर्षं ज्यासाठी बसले होते ते त्या एका शब्दात मिळालं असं मला वाटलं.

यानंतर शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहासाठी प्रबंधाची पीडीएफ प्रकरणनिहाय वेगळी करून द्यावी लागते, ती आधीच तशी बनवा. अधिसूचना आली की तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करा. दीक्षान्त समारंभातल्या पदवीचा अर्ज आणि शुल्क वेगळं असतं, आणि कॉलेजच्या सेवापुस्तकात नोंद व्हायला पदवीची वाट पाहावी लागत नाही. माझी नोंद जानेवारीत झाली.

याच विषयात कोणी नव्याने कोड लिहीत असेल तर वर दिलेला १० एमईव्हीचा प्रोटॉन आणि १ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन शुद्ध द्विध्रुव क्षेत्रात सोडून पाहा. विषुववृत्तावरचं क्षेत्र पृष्ठभागाशी ३१,००० नॅनोटेस्ला धरा आणि ये-जा करणाऱ्या इलेक्ट्रॉनला विषुववृत्तावर बलरेषेशी ४५ अंशांचा कोन द्या. हेच काळ मिळाले की मग आयजीआरएफ जोडा.